दरीत पर्जन्यमापक, माथ्यावर मनोरा: डोंगरातला अतिपाऊस आणि अतिवारा काढायचा कसा?

कातळकडा

डोंगरमाथ्यावर ३० मीटरचा जाळीदार मनोरा उभा राहायचा आहे आणि वर जाणाऱ्या रस्त्यावर दोन मोऱ्या टाकायच्या आहेत. हाताशी डेटा आहे तो एवढाच:

दरीच्या तळाला एक पर्जन्यमापक, २५ वर्षांचा रोजचा पाऊस. दरवर्षीच्या सर्वांत मोठ्या एकदिवसीय पावसाची सरासरी १८० मिमी, प्रमाण विचलन ६० मिमी. माथा तिथून ९०० मीटर उंच, वर एकही नोंद नाही. वाऱ्यासाठी ४० किमीवरच्या सपाट मैदानातल्या केंद्राच्या १८ वर्षांच्या नोंदी.

गंबेल (वार्षिक कमाल आकड्यांना बसवायचा संभाव्यतेचा वक्र) लावून १०० वर्षांचा पाऊस, म्हणजे सरासरीने १०० वर्षांतून एकदा गाठला जाणारा, ३६८ मिमी आला. मोरीसाठी त्याला २४ ने भागून ताशी १५ मिमी धरले. वाऱ्याला उंचीचा घातांकी नियम (वेग उंचीच्या ठरावीक घाताने वाढतो) लावून मैदानातला १० मीटरवरचा वेग ९०० मीटरवर नेला, तर आकडा अवाच्या सवा येतोय. पावसाला उंचीसाठी किती टक्के वाढवायचे आणि वाऱ्यात काय चुकतंय?

मृगधारा

आकडेमोड बरोबर आहे: १८० + ३.१३७ × ६० = ३६८. पण या आकड्याच्या पोटात काय आहे तेही बघा. गंबेलमध्ये प्रमाण त्रुटी येते ती अशी: प्रमाण विचलन × √(१ + १.१४क + १.१०क²) ÷ √वर्षं. इथे क म्हणजे १०० वर्षांसाठीचा गंबेलचा गुणक, ३.१३७. वर्गमूळ ३.९२ येतं, वर्षांचं वर्गमूळ ५, म्हणून त्रुटी ४७ मिमी. ९५ टक्के विश्वासाने बोलायचं तर उत्तर २७६ ते ४६० मिमीच्या दरम्यान कुठेतरी. २५ वर्षांतून १०० वर्षांचा पाऊस काढायचा म्हटलं की एवढी रुंदी येणारच.

दुसरं, तुमचा 'एक दिवस' ठरावीक सकाळी सुरू होऊन दुसऱ्या सकाळी संपतो. पाऊस घड्याळ बघून पडत नाही. रात्री दोनपासून दुसऱ्या दुपारपर्यंतची एकच सर दोन दिवसांत वाटली जाते आणि नोंदीत अर्धी अर्धी दिसते. कुठल्याही सलग २४ तासांचा कमाल पाऊस हवा असेल तर १.१३ ने गुणा. ३६८ चे ४१६ झाले, आणि अजून आपण डोंगर चढायला सुरुवातही केलेली नाही.

तिसरं, गंबेलचं शेपूट हलकं आहे, म्हणजे फार मोठ्या, दुर्मिळ पावसाला तो कमी लेखतो. जगभरच्या हजारो केंद्रांच्या दैनिक पावसात जीईव्हीचा (गंबेलला पोटात घेणारा व्यापक वक्र) आकार-घटक, म्हणजे शेपटाची जाडी ठरवणारा आकडा, सरासरीने धन निघतो, साधारण ०.१ च्या आसपास. तुमचीच सरासरी आणि विचलन ठेवून ०.१ घेतला तर १०० वर्षांचा आकडा ३६८ ऐवजी ३८७ येतो. फार फरक नाही. पण १००० वर्षांना ४७६ ऐवजी ५५३. मोरीला चालून जाईल, धरणाच्या सांडव्याला नाही. आणि २५ वर्षांवरून तो आकार-घटक स्वतः बसवू नका. एखादं वर्ष गाळलं की त्याचं चिन्हसुद्धा बदलतं.

भाबडा_प्रश्न

माझ्याकडे त्याच केंद्राचे तासागणिक आकडे असतील तरी १.१३ लावायचा का?

मृगधारा

नाही. सरकत्या २४ तासांची बेरीज घ्या, मग दुरुस्ती एखाद्या टक्क्याची उरते. पण त्याच तासाच्या आकड्यांतून 'कमाल ६० मिनिटं' काढणार असाल तर तिथे पुन्हा तोच १.१३, कारण आता एकक तासाचं आणि खिडकीही तासाची.

थेंबमोजणी

सांख्यिकीत शिरण्याआधी भांडं तपासा.

वाऱ्यात पर्जन्यमापक कमी पकडतो. तोंडावरून हवा वर उचलली जाते आणि बारीक थेंब पुढे निघून जातात. पावसात ही तूट साधारण २ ते १० टक्के, बर्फात १० ते ५० टक्के आणि त्याहून जास्तही. म्हणून उघड्या माथ्यावर भांडं ठेवलं की आकडा खालच्या आडोशापेक्षा कमी येतो आणि लोक म्हणतात, 'वर पाऊस कमी आहे.' पाऊस कमी नसतो, पकड कमी असते. जागा निवडताना आजूबाजूचा अडथळा निदान त्याच्या उंचीच्या दुप्पट लांब हवा, पण सगळीकडून उघडंबोडकंही नको. सगळ्यांत खरी नोंद खड्ड्यातल्या भांड्याची, तोंड जमिनीच्या पातळीत आणि भोवती जाळी.

टिपिंग बकेट (छोटी बादली भरली की उलटते, ते उलटणं मोजणारं यंत्र) असेल तर वेगळं दुखणं. ०.२ मिमीची बादली घ्या. ताशी १८० मिमी पाऊस म्हणजे तासाला ९०० टिप्स, दर ४ सेकंदाला एक. बादली उलटायला साधारण अर्धा सेकंद लागतो, आणि त्यातल्या पहिल्या पाव सेकंदात पाणी आधीच भरलेल्या बादलीतच पडत राहतं, मोजलं जात नाही. पाव सेकंद भागिले चार सेकंद, म्हणजे ६ टक्के गायब. पाऊस जितका जोरात तितकी तूट मोठी, आणि आपल्याला हवा आहे तो जोराचाच पाऊस! यंत्राची तपासणी एक बाटली ओतून करतात ती पुरत नाही. ५०, १००, २०० आणि ३०० मिमी प्रतितास अशा स्थिर धारेने करा. २०० चौरस सेंमी तोंडाला २०० मिमी प्रतितास म्हणजे मिनिटाला ६६.७ मिली. त्यातून दुरुस्तीचा वक्र काढून जुन्या नोंदींना लावा.

घाटरेषा

आता मुख्य प्रश्न, 'उंचीसाठी किती टक्के?' असा टक्का नसतो.

चेरापुंजी सुमारे १३०० मीटरवर, वर्षाचा पाऊस ११,००० मिमीच्या वर. शिलाँग त्याहून उंच, उत्तरेला, रस्त्याने ५० किमीच्या आसपास, आणि पाऊस त्याच्या चौथा हिस्साही नाही. फरक उंचीचा नाही. दमट वारा पहिल्यांदा कोणत्या कड्याला थडकतो आणि कड्यामागे काय आहे, त्याचा आहे. म्हणून केंद्रांची उंची विरुद्ध पाऊस असा एकच आलेख काढू नका. आधी डोंगराचे तुकडे पाडा: वाऱ्याकडची बाजू, आडोशाची बाजू, माथ्याचं पठार. प्रत्येक तुकड्याचं नातं वेगळं. उंचीही बिंदूची घेऊ नका, आजूबाजूच्या ४–५ किमीची सरासरी घ्या. ढगाला तुमचा ५० मीटरचा सुळका दिसत नाही, डोंगररांग दिसते.

तुकड्याची सीमा माथ्याच्या रेषेवरच असते असंही नाही. थेंब २००० मीटरवरून ६ मी/से वेगाने पडतो म्हणा, त्याला खाली यायला साडेपाच मिनिटं लागतात. तेवढ्यात १५ मी/से वारा त्याला ५ किमी पुढे नेतो. बर्फाची पाकळी १ मी/से ने उतरते, ती ३० किमी जाईल. म्हणजे माथ्यामागचे पहिले काही किलोमीटर नकाशावर 'पर्जन्यछायेत' असले तरी पाऊस पलीकडच्या बाजूचाच खातात.

आणखी एक, यावर बरेच जण अडखळतात: उंचीबरोबर वाढतो तो मुख्यतः पावसाचा *काळ*. वर जास्त वेळ पाऊस पडतो, म्हणून वर्षाची बेरीज आणि बहुतेकदा २४ तासांचा कमाल आकडाही वाढतो. पण १० मिनिटं किंवा तासाभराची तीव्रता ढगाखालच्या हवेत बाष्प किती आणि ढग किती जोरात वर चढतो यावर ठरते. वरच्या थंड हवेत बाष्पच कमी, म्हणून बऱ्याच पर्वतांत तासाखालची कमाल तीव्रता उंचीबरोबर *घटते*. २४ तासांचा वाढीचा गुणक १० मिनिटांच्या पावसाला लावला तर मोरी उगाच फुगते.

ढगपाहणी

एवढी कटकट कशाला? पुनर्विश्लेषणाचा (जुन्या नोंदी हवामान मॉडेलमध्ये घालून चौकोनाचौकोनाने काढलेला) ग्रिड डेटा फुकट मिळतो, ईआरए५ १९४० पासूनचा. माथ्यावरचा चौकोन उचला, जीईव्ही बसवा, झालं.

घाटरेषा

झालं नाही. ईआरए५ चा चौकोन सुमारे ३१ किमीचा. त्यात तुमचा माथा आणि दरी एकाच उंचीवर आहेत, दोघांच्या मधल्या कुठेतरी. शिवाय तो आकडा चौकोनाची सरासरी, बिंदूचा नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला ९४४ मिमी पडला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३. एवढ्या अंतरात एवढा फरक पडतो तिथे चौकोनाची सरासरी काय सांगणार?

उपग्रहाचंही तसंच. डोंगरावरचा पाऊस बऱ्याचदा उथळ, उबदार ढगातून पडतो. वरून बघणाऱ्याला ढगमाथा थंड दिसत नाही, बर्फाचे कण दिसत नाहीत, म्हणून तो पाऊस कमी लेखतो. रडारची तर किरणंच डोंगर अडवतो, आणि लांबच्या अंतरावर किरण पाऊस पडणाऱ्या थराच्या वरून निघून जातो. हे सगळं वापरा, पण वादळ कोणत्या दिवशी आलं, कुठून कुठे सरकलं, दरीतलं केंद्र त्या गाभ्यात होतं की काठावर, एवढं कळण्यासाठी. मोठी ४०–५० वादळं निवडून तेवढीच १–३ किमीच्या मॉडेलवर चालवली, तर माथा आणि दरी यांच्यातलं *गुणोत्तर* बऱ्यापैकी मिळतं. तिथूनही नेमके मिलिमीटर उचलू नका.

मृगधारा

सहमत. मग माथ्याचा आकडा काढायचा असा:

१. हवामान सारखं असलेली आसपासची १०–१५ केंद्रं घ्या, शक्य तेवढ्या उंचींवरची. प्रत्येकाची जागा बदलली का, यंत्र बदललं का ते नोंदवहीत बघा.

२. प्रत्येक केंद्राच्या वार्षिक कमाल मालिकेला त्याच्याच सरासरीने भागा. आता सगळ्या मालिका १ भोवती आल्या.

३. एल-मोमेंट्स (मालिकेचा पसारा आणि कल सांगणारे आकडे) काढा आणि हॉस्किंग–वॉलिसची एकजिनसीपणाची चाचणी लावा, तिचा आकडा म्हणजे एच. एच १ च्या खाली असेल तर गट चालेल, २ च्या वर असेल तर गट फोडा. बहुतेक वेळा फुटतो तो वाऱ्याकडची आणि आडोशाची केंद्रं एकत्र घातल्यामुळेच.

४. गटाचा एकच वाढ-वक्र बसवा. त्यातून '१०० वर्षांचा पाऊस सरासरीच्या किती पट' एवढंच मिळतं.

५. माथ्यावरची *सरासरी* वार्षिक कमाल वेगळी काढा: सपाट केलेली उंची, दमट वाऱ्याला उघडेपणा, माथ्यापासूनचं अंतर यांच्यावरून. हाच सगळ्यांत कच्चा दुवा.

६. एकेक केंद्र बाहेर काढून उरलेल्यांवरून त्याचा अंदाज करा. जी चूक येईल तीच तुमच्या माथ्यावरची खरी अनिश्चितता. ती २५ टक्के आली तर गंबेल की जीईव्ही या वादाला अर्थ उरत नाही.

१०० वर्षांसाठी ५०० केंद्र-वर्षं गोळा करा असा ढोबळ नियम आहे. पण दोन केंद्रं एकाच दरीत असतील तर एकच वादळ दोनदा मोजलं जातं. ती वर्षं पूर्ण धरू नका.

भाबडा_प्रश्न

आणि मोरीला २४ ने भागून १५ मिमी?

थेंबमोजणी

तिथे मोरी पहिल्याच पावसाळ्यात जाईल.

मोरीला दिवसाचा पाऊस कळत नाही, पाणलोटाचा सर्वांत लांबचा थेंब तिच्यापर्यंत यायला लागतो तेवढ्याच वेळाचा कळतो. ओहोळ ८०० मीटर लांब आणि उतार ०.३५ असेल तर किरपिचच्या सूत्राने ०.०१९५ × ८००^०.७७ × ०.३५^–०.३८५ = साधारण ५ मिनिटं. १२ हेक्टर पाणलोट, अपवाह गुणांक (पावसातला वाहून येणारा हिस्सा) ०.७, तीव्रता ताशी १५० मिमी धरली तर ०.७ × १५० × १२ ÷ ३६० = ३.५ घनमीटर प्रतिसेकंद. तुमच्या १५ मिमीने ०.३५ येतो. दहापट फरक.

ढगपाहणी

मग एक-तृतीयांश घाताचा नियम लावा ना. २४ तासांच्या पावसाला (तास ÷ २४)^(१/३) ने गुणायचं. तासाला ०.३४७ पट.

थेंबमोजणी

डोंगरात जपून. रेयुनियन बेटावर फॉक-फॉकला जानेवारी १९६६ मध्ये डेनिस चक्रीवादळात २४ तासांत १८२५ मिमी पडला. या नियमाने त्यातला एक तास ६३३ मिमीचा निघतो. मिसुरीतल्या होल्टचा १९४७ चा प्रसिद्ध विक्रमच ४२ मिनिटांत ३०५ मिमीचा आहे. म्हणजे नियम इथे सपशेल फसतो, कारण डोंगराला धडकून पडणारा पाऊस संततधार असतो. २४ तासांत विभागलेला, एका तासात कोंबलेला नाही. उलट आडोशाच्या बाजूला उन्हाळी गडगडाटी सरीत दिवसाचा सगळा पाऊस ४० मिनिटांत पडून जातो, तिथे ०.३४७ कमी पडेल.

आणि ५ मिनिटांवर नेला तर गंमतच: ४१६ मिमीवर ०.१५१ म्हणजे ५ मिनिटांत ६३ मिमी, ताशी ७५६! तेव्हा जवळच्या स्वयंनोंद केंद्राचं १५ मिनिटं, तास आणि २४ तास यांचं गुणोत्तर काढा, वाऱ्याकडच्या आणि आडोशाच्या बाजूचं वेगळं. १० मिनिटांच्या खाली जाऊ नका. उरलेली काळजी मोरीच्या तोंडाशी घ्या. डोंगरात मोरी पाण्याने कमी, दगडगोट्यांनी आणि ओंडक्यांनी जास्त तुंबते. हिशेबात पाइप ९०० मिमीचा आला तरी मी १२०० च्या खाली जाणार नाही.

वावटळ

वाऱ्याकडे वळतो. कातळकडा, मुळातली चूक ही: घातांकी नियम *जमिनीपासूनच्या* उंचीसाठी आहे. मैदानात ९०० मीटरचा खांब रोवला तर तो लागू. माथा म्हणजे खांब नव्हे. वारा डोंगरावर चढताना दाबला जातो आणि वेग घेतो, तो वेगळा हिशेब.

लांबलचक डोंगरधारेवर, उतार फार चढा नसेल तर, माथ्याजवळ सरासरी वाऱ्याची वाढ साधारण २ × उंची ÷ अर्धलांबी. अर्धलांबी म्हणजे माथ्यापासून अर्ध्या उंचीपर्यंतचं आडवं अंतर. एकट्या गोल टेकडीला २ ऐवजी १.६, कारण वाऱ्याला बाजूने निसटता येतं. एका बाजूला कडा आणि मागे पठार असेल तर ०.८. स्कॉटलंडमधल्या ११६ मीटरच्या आस्करवेन टेकडीवर १९८२–८३ मध्ये मोजमापं झाली, तिथे माथ्यावर १० मीटर उंचीला वारा सुमारे १.८ पट मिळाला.

उतार ०.३ च्या पुढे, म्हणजे १७ अंशांच्या वर गेला की हवा उतार सोडते, मागे भोवरा बसतो आणि वाढ तिथेच थांबते. आयएस ८७५ भाग ३ (वाऱ्याच्या भाराची भारतीय संहिता) मध्येही तेच दिसतं: ३ ते १७ अंशांत १.२ × उंची ÷ लांबी, १७ च्या वर सरळ ०.३६.

ढगपाहणी

म्हणजे कातळकडांचा मैदानातला झोत (क्षणभराचा कमाल वेग) गुणिले १.८?

वावटळ

नेमकी हीच चूक नेहमी होते. १.८ सरासरी वाऱ्याचा गुणक आहे, झोताचा नाही.

मैदानात १० मिनिटांची सरासरी २० मी/से, वाऱ्यातला चढउतार (प्रमाण विचलन) ३.५ मी/से समजा. झोत = २० + ३ × ३.५ = ३०.५. माथ्यावर सरासरी समजा १.६ पट झाली, ३२. पण चढउतार तेवढा वाढत नाही, जवळपास तोच राहतो. झोत = ३२ + १०.५ = ४२.५. गुणोत्तर १.३९. दाब वर्गाने जातो, म्हणून १.६ लावला तर २.५६ पट दाब, खरा १.९४ पट. मनोऱ्याचं पोलाद तिसऱ्या हिश्शाने वाढेल, विनाकारण.

उलटी चूकही होते. ज्या केंद्रावरून आधारभूत वेग काढला ते स्वतःच टेकडीवर असेल तर त्याचा गुणक आधी *भागून* काढा. नाहीतर डोंगर दोनदा मोजला.

सोसाट्या

वावटळ यांच्या हिशेबात आडोशाची बाजू राहिली. संहितेतले गुणक चढणाऱ्या वाऱ्याचे आहेत. माथ्याच्या जरा वर स्थिर हवेचा थर असला की वारा माथा ओलांडून पलीकडच्या उतारावर कोसळतो, आणि सगळ्यांत मोठा झोत माथ्यावर नाही, पायथ्याशी मिळतो. बोरा आणि फॉन हे वारे यातलेच. नोंदींत ओळखायची खूण: झोत बऱ्याचदा रात्री, आर्द्रता एकदम खाली, दिशा नेहमी एकच. असे दिवस वेगळे काढा, मैदानातल्या गडगडाटी झोतांत मिसळू नका. प्रत्येक प्रकाराचा वक्र वेगळा बसवा, मग संभाव्यता जोडा. ४५ मी/से चक्री वाऱ्याने १०० वर्षांतून एकदा आणि गडगडाटानेही १०० वर्षांतून एकदा येत असेल तर एकत्रित १ – ०.९९² = १.९९ टक्के, म्हणजे ५० वर्षांतून एकदा.

बसवताना वेगाऐवजी वेगाचा वर्ग घ्या, गंबेलकडे लवकर झुकतो. आणि एकच वादळ दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून दोन कमाल वेगांत निदान तीन-चार दिवस ठेवा.

कातळकडा

वरची हवा विरळ असते, त्याची सूट मिळते का?

वावटळ

३००० मीटरवर प्रमाण घनता ०.९१ किलो प्रति घनमीटर, समुद्रसपाटीला १.२२५. कागदावर २६ टक्के सूट. पण वादळ थंडीत आलं, उणे २० अंशांत, तर हवा ६ टक्क्यांनी पुन्हा जड. आणि मनोऱ्यावर बर्फ चढला की वाऱ्याला अडणारं क्षेत्रफळच वाढतं. स्थानिक संहिता सूट देत नसेल तर घेऊ नका.

कातळकडा

शेवटचं. माथ्यावर एक वर्ष मास्ट (वारा मोजायचा खांब) लावून मोजलं तर उपयोग?

सोसाट्या

एका वर्षातून १०० वर्षांचा वारा मिळणार नाही, पण माथा आणि मैदान यांचं *दिशेगणिक गुणोत्तर* मिळेल, आणि तुमच्याकडे नेमकं तेच नाही. ३० अंशांचे १२ भाग करा, मैदानात ८ मी/से च्या वर असलेलेच तास घ्या (मंद वाऱ्यात उष्णतेचे प्रवाह गुणोत्तर बिघडवतात), सरासरीचं आणि झोताचं गुणोत्तर वेगवेगळं काढा. वायुवेगमापकाची आडवी दांडी मनोऱ्याच्या बाजूच्या रुंदीच्या निदान तीन-चार पट, जोराच्या वाऱ्याला आडवी.

थंड माथा असेल तर गरम होणारं यंत्र घ्या. माउंट वॉशिंग्टनवर १२ एप्रिल १९३४ चा ३७२ किमी प्रतितास झोत मिळाला तो गरम होणाऱ्या यंत्रावरच. साधे कप गोठतात आणि नोंदीत 'शांत हवा' दिसते. तापमान २ अंशांच्या खाली आणि दिशा तीन तास एक अंशही हलली नाही, तर ते तास काढून टाका.

आणि मोठ्या वादळात वीज गेली, मास्ट पडला, नोंद मध्येच तुटली, तर त्या वर्षाची कमाल म्हणून उरलेल्यातला दुसरा आकडा लिहू नका. 'किमान इतका' असं लिहा आणि बसवणीतही तसंच सांगा. मैदानातल्या त्या १८ वर्षांतही असे खाडे कुठे आहेत ते आधी बघा. बहुतेकदा ते सगळ्यांत जोराच्या दिवशीच सापडतात.

कातळकडा

बघितलं. दोन वर्षांत कमालीच्या आदल्या-नंतरच्या तासांना रकाने कोरे आहेत. दोन्ही 'किमान इतका' करून पुन्हा बसवतो. २४ ने भागलेला कागद फाडला.